सत्तर नंबरची रिंग

वहिनींनी ती गोष्ट दोन वर्षं कुणालाही सांगितली नाही. सांगण्यासारखं माणूस घरात एकच होतं, ते म्हणजे नणंद, आणि नणंदेला असलं काही सांगायचं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत द्यायचं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

दोघी मिळून बाइंडिंगचं दुकान चालवायच्या. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मध्ये एक दार. दुकान वहिनींच्या सासऱ्यांनी काढलेलं, यजमानांनी वाढवलेलं. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. नणंदेनं लग्न केलं नव्हतं. कागदाच्या ढिगात लहानाची मोठी झाली आणि तिथंच अडुसष्टची झाली. वहिनी तिच्यापेक्षा एका वर्षानं मोठ्या. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायच्या, वन्सं त्यांना 'वहिनी', आणि ते ऐकून ऐकून गिऱ्हाईकंही दोघींना तेच म्हणायला लागली होती. पंचेचाळीस वर्षं दोघी एकमेकींना अहो-जाहो करत भांडत आल्या होत्या. विषय ठरलेले. खळ पातळ झाली, दोरा वाया गेला, कात्री जागेवर नाही.

पूर्वी शिवण वहिनींकडे होती. सुईदोऱ्यानं पानं एकत्र शिवायची, दोरा ताणायचा, पुन्हा शिवायचं. त्यात हळूहळू बोटांचे सांधे धरले, अंगठा वाकडा झाला, सुई हातात ठरेना. मग शिवण वन्संनी घेतली आणि बाकीचं सगळं वहिनींकडे आलं. पुठ्ठे कापणं, खळ लावणं, शिकंज्याचं चाक फिरवून पुस्तकं दाबणं आणि गठ्ठे उचलणं. बोटं वाकली तरी हात शाबूत आहेत, असं वहिनीच म्हणाल्या होत्या. ते खरंही होतं. बिघडलं ते दुसरीकडे.

सुरुवातीला फक्त संध्याकाळी जाणवायचं. दिवसभर उभं राहून काम झालं की खाली ओटीपोटात जड व्हायचं, आणि बसलं की दोऱ्याच्या गुंड्यावर बसल्यासारखं वाटायचं. रात्रभर पडून सकाळी काही नाही. मग एक दिवस आंघोळ करताना हाताला मऊ, ओलसर, अंड्याएवढं काहीतरी लागलं.  वहिनींनी ते बोटानं आत सारलं. ते गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं.

तेव्हापासून त्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याची घडी करून घट्ट बांधायला लागल्या. लघवीला सारखं जावं लागायचं, आणि जाऊन आल्यावर पुन्हा जावंसं वाटायचं. ग्रंथालयाची पुस्तकं पोचवायला पूर्वी त्याच चालत जायच्या, ते त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून बंद केलं. गुडघे खरं तर ठणठणीत होते.

डॉक्टरकडे का नाही गेल्या? अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण लोक गमतीनं वापरतात. वहिनींच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात, आणि जावई डॉक्टर. कानाचा का असेना, पण डॉक्टर. आपण इथं कुणाला दाखवलं की मुलीला कळणार, मुलीला कळलं की जावयांना कळणार, आणि मग पुढच्या वेळी ते घरी आले की त्यांच्यापुढे चहा ठेवायचा कसा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

वन्संच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. फक्त त्यांनी अर्थ भलताच लावला.

"वहिनी, आताशा दर अर्ध्या तासाला मागे जाता तुम्ही. तिथं काही पुरून ठेवलंय का?"

"पाणी जास्त पिते मी."

"पाणी पिता की काम चुकवता, ते पाण्यालाच माहीत."

असं काही महिने चाललं. मग एका सकाळी एका कचेरीची रजिस्टरं आली. प्रत्येक पाटासारखं, अशी चाळीस. आणणाऱ्यानं ती दाराशीच टाकली आणि तो गेला. वहिनी चार-चार करून आत नेत होत्या. वन्संनी चष्म्यावरून बघितलं.

"अशानं संध्याकाळ होईल. पूर्वी एका खेपेत आठ-आठ उचलायच्या."

 रागाच्या भरात वहिनींनी दोन गठ्ठ्यांना एकदम मिठी मारली, श्वास कोंडला आणि उचललं. दोन पावलं टाकली असतील नसतील. खाली काहीतरी सुटलं, घडीसकट बाहेर आलं, आणि या वेळी अंड्याएवढं नव्हतं. गठ्ठे हातातून सुटले. त्या तिथंच कोऱ्या कागदाच्या थप्पीवर आडव्या झाल्या.

वन्सं सुई टाकून धावल्या. "अगं, काय झालं तुला?"

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'अगं' निघालं. तेवढ्या दुखण्यातही ते वहिनींच्या लक्षात आलं.

"अंग बाहेर आलंय माझं," वहिनी म्हणाल्या. तोंड त्यांनी भिंतीकडे केलं होतं.

वन्संनी दुकानाचं दार ओढून घेतलं, वहिनींना धरून मागे नेलं आणि पलंगावर झोपवलं. कमरेखाली दोन उश्या सरकवल्या, एका स्वच्छ पंच्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून आणला.

"हा तिथं ठेवा. पाय वर घ्या. आणि अंग सैल सोडा, घाबरून आवळू नका. अर्ध्या तासात मऊ पडून आत जाईल."

वहिनींनी मान वळवली. "तुम्हाला हे कसं माहीत?"

वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या. 

"आईला होतं," त्या म्हणाल्या.

वहिनी आढ्याकडे बघत राहिल्या. सासूबाई त्यांना जशाच्या तशा आठवत होत्या. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत सासूबाई, आणि तिथूनच सगळे हुकूम. मुलगी वीस दिवसांची असताना त्यांनी वहिनींना कागदाची रीम उचलायला लावली होती. स्वतः मात्र हाताएवढी वहीसुद्धा उचलायच्या नाहीत. त्या रीमचं वजन वहिनींच्या मनातून कधीच उतरलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा रडताना सुद्धा त्यांना ती आठवली होती.

"त्या उचलू शकत नव्हत्या?"

"शकत नव्हती. आणि सांगूही शकत नव्हती. मी चौदा वर्षांची असल्यापासून तिच्या चिंध्या धुतल्या. बाहेर दोरीवर नाही, या पलंगाखाली वाळत घालायच्या. भाऊला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं का, मला ठाऊक नाही."

"इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी इतक्या दिवसांत मला कुठं बोललात?" वन्सं म्हणाल्या. मग उठता उठता पुटपुटल्या, "आणि मी मेली वर तुम्हाला टोचत बसले."

अर्ध्या तासानं खरंच सगळं आत गेलं. वन्संनी चहा केला. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

वन्संच वहिनींना घेऊन दवाखान्यात गेल्या. तिथं बायकांच्या विभागात गुरुवारी ज्या डॉक्टरबाई बसायच्या त्या वहिनींच्या मुलीच्या वयाच्या होत्या. वहिनींना तो एक धक्काच होता. पण बाईंनी आधी पुष्कळ वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग तपासलं, खोकायला लावलं, जोर करायला लावला, आणि हात धुऊन कागदावर एक चित्र काढलं.

"ही गर्भाशयाची पिशवी, आणि ही तिच्या पुढची लघवीची पिशवी. दोन्ही खाली उतरल्यात. यांना खालून धरून ठेवणारे स्नायू सैल पडले की असं होतं. बाळंतपण, वय, बद्धकोष्ठ, वजन उचलणं, सगळ्याचा वाटा असतो."

"कॅन्सर?" वहिनींनी विचारलं. हा शब्द त्यांनी दोन वर्षं मनात धरून ठेवला होता.

"नाही. तो हा प्रकारच नाही. यानं जिवाला धोका नाही. त्रास मात्र आहे, आणि तो सोसलाच पाहिजे असं काही नाही."

वहिनींनी इतका मोठा श्वास सोडला की वन्संनी त्यांच्याकडे बघितलं.

बाईंनी ऑपरेशनचंही सांगितलं. वहिनींना हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, त्यामुळे जरा जास्त तयारी करावी लागेल, पण करता येतं. घाई मात्र मुळीच नव्हती. आधी एक रिंग बसवून बघू, त्याबरोबर व्यायाम करू. पुष्कळ बायकांचं वर्षानुवर्षं त्यावर भागतं. नाही जमलं तर ऑपरेशन कुठं पळून जात नाही.

"ठरवायचं तुम्ही," बाई म्हणाल्या.

"ऑपरेशन नकोच असं नाही," वहिनी सावकाश म्हणाल्या. "पण आत्ता नको. आधी रिंग बघू."

रिंग म्हणजे बांगडीसारखी दिसणारी, पण रबरासारखी मऊ. दुमडून आत घालायची, आत गेली की ती उघडते आणि सगळ्याला खालून आधार देते. बाईंनी मापं घेऊन पासष्ट नंबरची घातली आणि सांगितलं, आता बाहेर चक्कर मारा, जिना चढून उतरा, लघवी करून या. वहिनी शौचालयात गेल्या आणि दोनच मिनिटांत ओशाळ्या चेहऱ्यानं परत आल्या. हातात कागदात गुंडाळलेली रिंग होती.

"पडली."

"पडू द्या. पहिल्या झटक्यात माप क्वचितच बसतं," बाई म्हणाल्या. "आता सत्तर बघू."

"माझ्या वयापेक्षा एकनं जास्त," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरबाई हसल्या आणि वन्सं सुद्धा तोंडावर पदर धरून हसल्या.

सत्तर नंबर बसला. वहिनी जिना चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. वन्सं खाली उभ्या राहून पायऱ्या मोजत होत्या. वर पोचल्यावर वहिनी कठड्याला धरून थांबल्या. दमल्या म्हणून नाही. खाली काहीच जाणवत नव्हतं. दोन वर्षं त्यांचं निम्मं लक्ष सतत तिथं असायचं, बोलताना, जेवताना, हसताना. ते एकदम मोकळं झालं आणि त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

संध्याकाळी वन्संनीच मुलीला फोन लावला. वहिनी नको नको म्हणत होत्या.

"आई, दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?" मुलीचा आवाज चढला. "ऑपरेशन करून मोकळी हो. इकडे ये, मी बघते सगळं. थांब, यांना देते."

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला. पण जावई एवढंच म्हणाले, "आई, हा माझा विषय नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला बरोबर वाटतं. काही विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा, आणि मला काही सांगायची गरज नाही." मग जरा थांबून म्हणाले, "कान दुखला तर मात्र मला सांगा."

वहिनींना तो माणूस त्या दिवसापासून फार आवडायला लागला.

व्यायाम शिकवला तो विभागातल्या सिस्टरनं. वारा सुटू नये म्हणून आवळतो तसं आवळायचं, आतून वर खेचायचं, पाच-दहा आकडे धरायचं, सोडायचं, तेवढीच विश्रांती घ्यायची. दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, उठण्याआधी एकदा आवळून घ्यायचं. शौचाला बसताना पायाखाली छोटा पाट घ्यायचा, कुंथायचं नाही, पालेभाज्या, फळं, भिजवलेले मनुके खायचे. फरक तीन महिन्यांनी कळेल.

दुकानात वन्संनी हा व्यायाम आपल्या अखत्यारीत घेतला. सुई चालवता चालवता त्या मोठ्यानं म्हणायच्या, "धरा... सात, आठ, नऊ... सोडा." एकदा एक मास्तर शाळेच्या वह्या घेऊन दाराशी उभे होते. ते घाबरून म्हणाले, "काय धरू?"

"पुठ्ठा," वन्सं म्हणाल्या. मास्तरांनी समोरचा पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला आणि 'सोडा' म्हणेपर्यंत सोडला नाही.

दुकानाची मांडणीही बदलली. कागद जमिनीवर ठेवायचा नाही, टेबलाच्या उंचीच्या फळीवर. जड माल आणणाऱ्याला वन्संनी सांगितलं, आत आणून वर ठेवायचा, दाराशी टाकलास तर तसाच परत जाईल. शिकंज्याचं चाक वहिनी फिरवायच्या, पण शेवटचे दोन वळसे वन्सं द्यायच्या. दोघींचा वेग कमी झाला. एका कचेरीनं काम दुसरीकडे दिलं. वहिनींना वाईट वाटलं, वन्सं म्हणाल्या, "ती रजिस्टरं दळभद्रीच होती."

चार महिने छान गेले. मग एका गुरुवारी वहिनींना कपड्यावर गुलाबीसर डाग दिसला. या वेळी त्यांनी लपवलं नाही. त्याच सकाळी वन्संना सांगितलं आणि दोघी गेल्या.

बाईंनी रिंग काढून नीट तपासलं. आत एका जागी रिंग घासून छोटी जखम झाली होती. या वयात आतली कातडी नाजूक होते, असं होऊ शकतं, त्या म्हणाल्या. लावायला एक मलम दिलं, तीन आठवडे रिंग बंद. ते तीन आठवडे वहिनींना फार जड गेले. पण पूर्वीइतके नाही. व्यायामानं काहीतरी फरक पडला होता, अंग पूर्वीसारखं अगदी बाहेर येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यानंतर जखम भरली.

"पुन्हा रिंग घालू," बाई म्हणाल्या. "पण दर आठवड्याला एक रात्र ती काढून ठेवलीत तर कातडीला विसावा मिळेल. संध्याकाळी काढायची, साबणानं धुवायची, सकाळी पुन्हा घालायची. पुष्कळ बायका स्वतः करतात."

वहिनींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. वाकडे अंगठे, गाठाळलेली बोटं. बाईंनी ती हातात घेऊन बघितली. रिंग दुमडून धरायला बोटांत जोर लागतो. वहिनींनी प्रयत्न केला, रिंग निसटून टेबलाखाली गेली.

"मग दर तीन महिन्यांनी इथं येत जा, आम्ही करू. मधे त्रास झाला तर लवकर या. किंवा घरात कुणी..."

"घरात कोण आहे?" वहिनी म्हणाल्या. "मुलगी लांब."

"मी शिकते," वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी हात टेबलावरून ओढून घेतले.

"नको, वन्सं."

"का नको?"

"तुम्हाला कसं... तुम्ही कधी..." वहिनींना वाक्य पुरं करता येईना. वन्संनी उभ्या जन्मात असल्या गोष्टींचा शब्द काढला नव्हता. गिऱ्हाईकानं शरीरशास्त्राचं पुस्तक शिवायला दिलं तर त्या चित्राची पानं उलटी ठेवून शिवायच्या.

"मी काही बघणार नाही इकडेतिकडे," वन्सं म्हणाल्या. "शिवताना आतली गाठ कुठं दिसते? बोटालाच कळते. आईच्या वेळी अशी रिंग असते हे कुणाला माहीत नव्हतं. असतं तर मी तिलाही घातली असती."

वहिनींनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमची मर्जी असेल तरच."

वहिनी शेवटी म्हणाल्या, "शिकू दे त्यांना."

सिस्टरनं वन्संना हात धुण्यापासून शिकवलं. नखं कापून घेतली. रिंग कशी दुमडायची, कुठल्या दिशेनं सारायची, आत गेल्यावर पाव वळसा कसा द्यायचा. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. पण काढणं अवघड जात होतं, बोट अडकवायला धड जागा सापडेना. तेव्हा सिस्टरनं डॉक्टरबाईंना विचारून टाके घालायच्या दोऱ्याचा एक फास रिंगेला बांधला. तो धरून हळूच ओढला की रिंग खाली येते, मग पकडायला सोपी.

वन्संनी चष्मा नाकावर सरकवून गाठ निरखली.

"ही सुटेल," त्या म्हणाल्या.

"मावशी, आम्ही टाके घालतो या दोऱ्यानं," सिस्टर म्हणाली.

"टाके आठ दिवसांनी काढता. हिला महिनोन्महिने टिकायचंय. आणा इकडे."

शिवताना एक दोरा संपून दुसरा जोडायचा असतो, तेव्हा मारतात ती बारीक, चपटी गाठ वन्संनी मारली. सिस्टरनं ओढून बघितली, बाईंनी ओढून बघितली. मग बाई म्हणाल्या, "सिस्टर, ही शिकून घ्या."

घरी पहिल्यांदा करायचं होतं तो दिवस शनिवार होता. संध्याकाळी रिंग वहिनींनी स्वतःच काढली, फासामुळे त्यांच्या बोटांनाही ते जमलं. रविवारी सकाळी वन्संनी पाणी गरम केलं, हात कोपरापर्यंत धुतले, आणि धुतलेली रिंग स्वच्छ फडक्यावर घेऊन आल्या. खिडकीचा पडदा लावलेला होता. वहिनी पलंगावर गुडघे दुमडून पडल्या, अंगावर चादर.

दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"हात गार आहेत का?" वन्संनी विचारलं.

"नाहीत."

"दुखलं तर सांगा. सहन करत बसू नका, ती खोड आहे तुम्हाला."

"सांगते."

वन्संचे हात सावकाश कामाला लागले. वहिनींनी डोळे मिटून घेतले. हे हात त्यांनी रोज बघितले होते, सुई ओवताना, दोरा ताणताना, रागानं कात्री आपटताना, पण या दुखण्याआधी त्या हातांचा स्पर्श कधी झाल्याचं आठवत नव्हतं. यजमान गेले त्या दिवशीही दोघी दोन भिंतींना टेकून बसल्या होत्या. रिंग आत गेली, उघडली. वन्संनी पाव वळसा दिला.

"उठून चालून बघा."

वहिनी खोलीत दोन चकरा मारून आल्या. "बसली."

"सैल नाही ना?"

"नाही."

वन्संनी हात धुतले, मग पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "त्या मलमाचा वास फार उग्र आहे." मलमाला वास नव्हता. वहिनींनी तसं काही म्हटलं नाही.

पुढे त्याची सवय झाली. रविवार सकाळचं ते एक काम झालं, दाढदुखीच्या माणसानं दात घासावे तसं निगुतीनं पण न बोलता करायचं. किंवा बोलत बोलत. कारण हळूहळू त्या वेळी दोघी बोलायला लागल्या. सासूबाईंबद्दल जास्त. वहिनींनी रीमची गोष्ट सांगून टाकली. वन्सं म्हणाल्या, ती गोष्ट आईलाही लागून राहिली होती, एकदा म्हणाली होती की पोरीवर अन्याय केला. वहिनींनी विचारलं, "खरंच म्हणाल्या होत्या, की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?" वन्सं म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही केलंय का?" ते मात्र पटण्यासारखं होतं.

वर्षभरानं वन्संना मामेबहिणीकडे दहा दिवस जावं लागलं. जाताना त्यांनी शंभर सूचना दिल्या. शनिवारी वहिनींनी रिंग काढली, रविवारी घालायचा प्रयत्न केला, ती दोनदा निसटली. त्यांनी त्रागा केला नाही. रिंग धुऊन डबीत ठेवली, जड काही उचललं नाही, दुपारी जरा आडव्या झाल्या, आणि सोमवारी एकट्याच दवाखान्यात जाऊन सिस्टरकडून घालून घेतली. जाताना-येताना दोन्ही वेळा चालल्या.

वन्सं परतल्या, चपला काढायच्या आधी विचारलं, "रविवारचं काय केलंत?"

"सिस्टरनं घातली."

"हं. किती वेळ लागला तिला?"

"दोन मिनिटं."

"मला चार लागतात."

"तुम्ही सावकाश करता," वहिनी म्हणाल्या. "तिच्या हाताला घाई आहे."

वन्संनी पिशवी खाली ठेवली आणि समाधानानं चहा मागितला.

आता या सगळ्याला तीन वर्षं होतील. वहिनी पूर्ण बऱ्या झाल्या असं नाही. जास्त उभं राहणं झालं की अजून जडपणा येतो, शिंक आली आणि आवळायचं राहिलं तर कपडा बदलावा लागतो. मध्ये एकदा पुन्हा जखम झाली, तीन आठवडे थांबावं लागलं, मग पुन्हा चालू. सहा महिन्यांनी तपासणी असते. मुलगी येऊन आठ दिवस राहून गेली, एक रविवार तिनं दाराआडून त्या दोघींचं बोलणं आणि हसणं ऐकलं, आणि त्यानंतर ऑपरेशनचा विषय तिनं काढला नाही.

परवाच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी मात्र काढला. सगळं ठीक आहे, पण कधी विचार बदलला तर सांगा, म्हणाल्या.

"सांगेन," वहिनी म्हणाल्या. "सध्या ग्रंथालयाची साठ पुस्तकं आलीत, जुनी, कणे निघालेली. ती संपू देत."

"उचलत नाही ना तुम्ही?"

"तीन-तीन," वन्संनी मध्येच सांगितलं. "चौथं उचललं की मी ओरडते."

दोघी बाहेर आल्या. सकाळचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं. वन्संचं म्हणणं पडलं की गाडी करावी, वहिनींचं की चालत जावं. वाद वळणापर्यंत चालला, आणि तोवर निम्मं अंतर चालून झालं होतं.